कोपऱ्यावरचा गडी

"आजोबा, त्या बाई जर आपल्या नाशिकच्या, तर मग आज हरलें कोण आणि जिंकलें कोण?"

सन २०१८ च्या ऑगस्टची २४ तारीख होती. बाहेर श्रावणांतली भुरभुर चालू होती, आणि बदनापूरच्या आमच्या घरीं दूरचित्रवाणीसमोर आम्ही तिघें बसलों होतों: मी, माझी दहा वर्षांची नात आणि माझा बाळपणचा एक सोबती. जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांच्या कबड्डीचा अंतिम सामना नुकताच संपला होता. इराणचे २७ गुण, भारताचे २४. आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या इराणी मुलींना तयार करणाऱ्या शिक्षिका म्हणजे नाशिकच्या शैलजा जैन!

नातीच्या प्रश्नाला मीं आजोबांना शोभेल असें एक मोघम उत्तर देऊन टाकलें. खरें सांगावयाचें तर त्या वेळीं निराळ्याच एका गोष्टीनें माझें मन घेरलें होतें. ती पुढें येईलच.

१९९० सालीं बीजिंग येथें कबड्डीचा आशियाई स्पर्धांत समावेश झाला, तेव्हांपासून २०१४ पर्यंत पुरुषांचीं सातहि सुवर्णपदकें भारतानें आणिलीं होतीं. या खेपेस आधीं गटांतल्या सामन्यांत दक्षिण कोरियानें आपल्याला एका गुणानें हरविलें, आणि महिलांच्या सामन्याच्या आदल्याच दिवशीं उपांत्य सामन्यांत इराणनें २७-१८ असें. गांवांत त्या दिवसांत मीं जीं भाष्यें ऐकलीं त्यांत पंचांपासून नशिबापर्यंत सर्वांना दोष होता; इराणला मात्र श्रेय द्यावयास कोणी तयार नव्हतें. "आपलाच खेळ, आणि आपल्यालाच शिकवितात!" असा एकंदर सूर. पण हा खेळ जगाला दाखवावयास निघालों होतों ते आपणच ना? १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं तेथें आपले देशी खेळ करून दाखवून आले. शिष्य खरोखरच शिकला म्हणून गुरूनें रडावें, हें कांहीं बरें नव्हे.

आमच्या लोकांचें प्रेम आहे तें चढाईवर. एकटा गडी सात जणांच्या गोटांत शिरतो, दोघांना शिवून हंसत परत येतो, आणि लोक मैदान डोक्यावर घेतात. हें दृश्यच असें आहे कीं, त्यापुढें पकडीचें कष्टाळू काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. म्हणून आपले संघ पुष्कळदां एकदोघां नामांकित चढाईवाल्यांच्या भरंवशावर उभे राहतात, आणि ते दोघे बाद होऊन बाहेर बसले कीं सगळ्यांचेच पाय जड होतात. कोरियाच्या गड्यांनीं भर दिला तो पायांच्या चपळाईवर. ते शक्य तों अंगाला अंग लावीत नाहींत, धांवतात, हूल देतात, हात लांबवून शिवतात आणि निसटतात. इराणी माणसाच्या रक्तांत कुस्ती. झुरखान्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जो कस घोटला गेला तो त्यांनीं पकडींत ओतला. शिवाय २०१४ सालीं आपल्याकडे व्यावसायिक कबड्डीचे सामने सुरू झाल्यावर त्यांचे उत्तम गडी आपल्याच संघांतून खेळूं लागले, आणि आपल्या चढाईवाल्यांच्या सवयी अगदीं जवळून पाहूं लागले. मुंबईच्या संघांतून गाजलेला फजल अत्राचली हा त्यांतलाच एक. तो डाव्या कोपऱ्यावर खेळतो.

कोपऱ्यावरचा गडी म्हणजे काय, हें ज्यानें हा खेळ खेळला नाहीं त्याला सांगणें कठीण आहे. सात जणांची ओळ कमानीसारखी वळलेली असते. तिचीं दोन टोंकें म्हणजे हे दोन कोपरे. चढाईवाला आंत यावा, परतण्यासाठीं त्याचें तोंड मध्यरेषेकडे वळावें, आणि त्या वळण्यांत मागचा पाय जड व्हावा, तेवढ्या अर्ध्या क्षणांत त्याचा घोटा किंवा पट धरावयाचा. उशीर केलात तर तो रेषेपलीकडे असतो. लवकर गेलात तर तो तुम्हांला पाहतो. आणि मग तुम्ही एकटे मरत नाहीं. शेजाऱ्याचा हात तुमच्या हातांत गुंफलेला असतो. तुम्ही झेप घेतलीत कीं साखळीहि ओढली जाते, आणि झटापटींत जितक्यांचा स्पर्श होईल तितके गुण तो एका दमांत घेऊन जातो. जैनबाईंनीं फारसी शिकून घेतली आणि त्या मुलींच्या रोजच्या मेहनतींत प्राणायाम घातला, असें मीं पुढें वर्तमानपत्रांत वाचलें, तेव्हां मला नवल वाटलें नाहीं. या खेळांत श्वास मोजतात तो चढाईवाल्याचा. पण तो पुरावा लागतो पकडणाऱ्याला.

आतां माझी गोष्ट. तिला साठ वर्षें होत आलीं. आमचें गांव तेव्हां औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. जालना जिल्हा झाला तो १९८१ सालीं. येथली जमीन काळी, उन्हाळ्यांत भेगाळणारी आणि पावसांत पायाला धरणारी. त्यामुळें आमचा हुतूतू दिवाळीनंतर सुरू होई आणि होळीच्या सुमारास संपे. मुरूम अंथरून, पाणी शिंपून, चुन्यानें रेषा ओढून आम्ही मैदान करीत असूं. पायांत बूट नव्हते, खालीं मॅट नव्हती, आणि चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आम्हांला ठाऊक नव्हती. ज्याचा जेवढा दम तेवढें त्याचें घड्याळ. मी डाव्या कोपऱ्यावर, आणि माझा हात धरून माझ्या शेजारीं हा माझा सोबती. आमच्यांत खरा गडी तो होता. जिल्ह्याच्या निवडीसाठीं त्याचें नांव गेलें होतें.

माघांतल्या एका सामन्यांत गुण बरोबरीला आले आणि शेवटची चढाई उरली. त्या वेळीं मीं काय पाहिलें तें मला आजहि सांगतां येत नाहीं. बहुधा मला चढाईवाला दिसलाच नाहीं. भोंवतालचे लोक दिसले. त्यांच्यादेखत ती पकड माझ्या नांवावर पडावी, एवढेंच मला हवें होतें. "थांब," असें तो हळूच म्हणाला. मीं तें ऐकलें, आणि तरीहि झेप घेतली. पाय निसटला. माझ्या ओढीनें तो खांद्यावर आपटला, आणि त्याच्यावर मी.

सामना गेला, त्याचें दुःख दोन दिवसांत सरलें. त्याच्या खांद्याजवळचें हाड मोडलें होतें, तें वांकडें सांधलें. डावा हात पुन्हां कधीं खांद्याच्या वर गेला नाहीं. जिल्ह्याच्या संघांत दुसऱ्याच कोणाची वर्णी लागली, आणि तो जालन्याला अडत दुकानांत हिशेब लिहूं लागला. त्या श्रावणापर्यंतच्या पन्नासांवर वर्षांत त्यानें मला एका शब्दानें विचारलें नाहीं, आणि मींहि एका शब्दानें क्षमा मागितली नाहीं. पहिलीं कांहीं वर्षें लाजेमुळें. पुढें, इतक्या उशिरां विषय काढणें अधिकच लाजिरवाणें होईल म्हणून.

तर त्या दिवशींची उत्तरार्धांतली ती चढाई. आपली मुलगी खोल शिरली. इराणची कोपऱ्यावरची मुलगी जागची हालली नाहीं. शेजारची पुढें सरकली, मागें आली, ही तशीच. नातीनें माझा गुडघा आवळून धरला होता. मग आपल्या मुलीचें तोंड वळलें, आणि घोटा धरला गेला. साखळी वरून मिटली.

"बघ, थांबली," माझा सोबती म्हणाला. तो पडद्याकडेच पाहत होता.

"मींहि थांबायला हवें होतें," मी म्हणालों.

कशाविषयीं, हें त्याला विचारावें लागलें नाहीं. "सोळा वर्षांचा होतास तूं," तो म्हणाला. "चहा सांग आतां."

पुढें २०२३ सालीं हांगझोउ येथें दोन्ही पदकें आपल्याकडे परत आलीं. महिलांनीं चिनी तैपेईला २६-२५ असें एका गुणानें हरविलें, आणि पुरुषांनीं इराणलाच ३३-२९ असें. तोंवर नात शाळेच्या संघांत गेली होती. तिला हवी होती चढाई. तिला डावा कोपरा मिळाला, म्हणून ती रुसून घरीं आली. त्या संध्याकाळीं माझ्या सोबत्यानें तिला अंगणांत उभें केलें, आपला डावा हात तिच्या उजव्या हातांत दिला, आणि मला म्हणाला, "तूं चढाई कर."

सत्तरी उलटलेल्या माणसाची ती चढाई. दम तुळशीवृंदावनापाशींच संपत आला. तीनदां ती उतावळी झाली, आणि तीनदां त्यानें तिचा हात घट्ट धरून ठेवला. चौथ्यांदां मी वळलों, आणि माझा घोटा धरला गेला.