गुडघ्याचे सोवळे

पूर्वी चार वयस्क माणसे एकत्र जमली की पेन्शनीच्या आणि मुलींच्या लग्नांच्या गोष्टी निघत. आता गुडघ्यांच्या निघतात. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत आणि त्यांत मिळून नवे गुडघे सात आहेत. ही मोजदाद मी केलेली नाही. आमच्या अक्काने केली. आठवा गुडघा तिचा बसायचा होता, आणि तो बसवून घेण्यापूर्वी तिने त्या सातही गुडघ्यांच्या मालकांकडे स्वतः लंगडत जाऊन साक्षीपुरावे गोळा केले होते.

सहा साक्षी उत्तम निघाल्या. सातवे गृहस्थ तळमजल्यावर राहतात. मोठे सज्जन माणूस. जन्मभर हिशेब लिहिले, त्यामुळे बोलणेही जमाखर्चासारखे. ऑपरेशन छान झाले, चौथ्या दिवशी घरी आले. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांजवळून थोडे पाणी येऊ लागले. ‘येतंच असं थोडं’ म्हणून घरच्यांनी चार दिवस वर कापूस ठेवला. पुढे ताप, सूज, पू. मग नवा सांधा काढला, त्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवला, कित्येक आठवडे इंजेक्शने दिली, आणि सगळे शांत झाल्यावर पुन्हा दुसरा सांधा बसवला. “ऑपरेशनला दीड तास लागला,” ते अक्काला म्हणाले, “आणि जंतूला दहा महिने.”

अक्का घरी आली ती गप्पच होती. संध्याकाळी मला म्हणाली, “शंभरात किती जणांचं असं होतं रे?” मी डॉक्टरांना विचारून सांगितले, की चांगल्या ठिकाणी एक, फार तर दोन. “म्हणजे अठ्ठ्याण्णवांचं होत नाही,” मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, “त्यांना कुठे ठाऊक होतं आपण अठ्ठ्याण्णवांतले नाही ते?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून मी वाचायला बसलो. रिकामटेकड्या माणसाला वाचन हाच एक उद्योग असतो.

एक गोष्ट मला नवीनच कळली. जंतूंचे आणि आपले शेजारपण जुने आहे. दहा माणसांतल्या तिघांच्या नाकात तरी ते पू करणारे जंतू बिऱ्हाड करून असतात आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. विळीवर बोट कापले तर जंतू आत जातात, रक्तातले पहारेकरी त्यांना गाठतात, प्रकरण मिटते. पण धातूच्या आणि प्लास्टिकच्या सांध्यातून रक्त फिरत नाही; तिथे पहारा नाही. एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी १९५७ साली इंग्लंडात स्वयंसेवकांच्या कातडीत मोजून जंतू टोचल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. (असल्या प्रयोगाला स्वयंसेवक मिळतात, हेच मला अधिक नवलाचे वाटले.) नुसत्या कातडीत पू व्हायला लक्षावधी जंतू लागत, तिथे टाक्याचा एक रेशमी धागा असला की काही शेकडे पुरत. ही एका धाग्याची गोष्ट. अक्काच्या गुडघ्यात तर चांगला मूठभर ऐवज बसायचा होता. शिवाय एकदा धातूवर ठाण मांडले की हे जंतू स्वतःभोवती एक चिकट साय धरतात आणि त्या सायीखाली औषध पुरेसे पोचत नाही. म्हणूनच तळमजल्यावरच्या सज्जनांचा नुसत्या गोळ्यांनी निकाल लागला नाही.

तेव्हा जे काही करायचे ते आधी. अक्काच्या डॉक्टरांनी ते करायला घेतले आणि घरात महाभारत सुरू झाले.

पहिल्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा निघाला ९.१. डॉक्टर म्हणाले, “हा आठाच्या खाली आणा, मग तारीख देतो.” वर एक किडलेली दाढ त्यांनी हेरली आणि आधी दंतवैद्याकडे जाऊन या म्हणाले. टाचेच्या भेगांवरही त्यांची नजर गेली. अक्काचा पारा चढला. “गुडघा दुखतोय माझा, आणि हा माणूस वरून दात नि खालून टाच बघतोय! मधलं कधी बघणार?” तारीख तीन महिने पुढे गेली. त्या तीन महिन्यांत रात्री ती कूस बदलताना कण्हायची ते मला भिंतीपलीकडून ऐकू येई, आणि डॉक्टरांचे बरोबर आहे हे माहीत असूनही त्यांचा राग येई. दुखणाऱ्या माणसाला थांबायला सांगणे सोपे नाही. पण ज्या डॉक्टरने लगेच तारीख दिली असती, त्याच्यापेक्षा या थांबवणाऱ्यावर माझा विश्वास अधिक बसला.

दाढ गेली, टाचा मऊ झाल्या, साखर ७.४ वर आली. मग सूचनांचा कागद मिळाला, आणि तो वाचून अक्काची कळी एकदम खुलली. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी साबणाने स्वच्छ स्नान. धुतलेले कपडे, धुतलेली चादर. बांगड्या, अंगठ्या, नखांचा रंग काहीही नको. स्नानानंतर पायाला तेल-मलम लावायचे नाही. “अरे, हे तर सोवळं!” ती म्हणाली. “हे मला कोण शिकवणार?”

आमच्या आजीचे सोवळे आम्ही दोघांनी पाहिलेले. उंच वळणीवर काठीने वाळत घातलेले लुगडे, आणि आम्ही पोरे जवळून गेलो की “शिवू नकोस मेल्या!” त्या सोवळ्याने माणसांना दूर ठेवले, त्यात शहाणपण थोडे आणि अन्याय फार होता, हे बोलून टाकलेले बरे. ऑपरेशनच्या खोलीतले सोवळे निराळे. तिथे पहिला ओवळा स्वतः डॉक्टर! कोपरापर्यंत हात धुवायचे, झगा आणि हातमोजे चढवायचे, आणि तरीही त्याची पाठ ओवळी, कमरेखालचा भाग ओवळा. हात खाली सोडले की बाटले. अक्काच्या परिचारिकेने हे सारे सांगितले तेव्हा अक्काने विचारले, “आणि बाटलं तर प्रायश्चित्त काय?” “मोजे बदलायचे,” ती मुलगी हसून म्हणाली.

या सोवळ्याचा खरा कर्मठ भटजी म्हणजे जॉन चार्न्ली. इंग्लंडात विगन गावाजवळ राइटिंग्टन म्हणून इस्पितळ आहे, मूळचे क्षयरोग्यांचे. तिथे या गृहस्थाने खुब्याचा कृत्रिम सांधा सिद्ध केला. आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती झिजून फसली. तिचे कण शरीराला मानवतात की नाही हे पाहायला त्याने ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. १९६२ च्या नोव्हेंबरात पॉलिएथिलीनची वाटी आली आणि सांधा टिकू लागला. पण सांधा टिकून काय उपयोग? सुरुवातीच्या काळात शंभरांत सात-आठ रोग्यांची जखम चिघळत होती. चार्न्लीचा संशय हवेवर गेला. म्हणजे खरे तर माणसांवर. आपल्या अंगावरून दर मिनिटाला कातडीचे हजारो अदृश्य कपटे गळतात, आणि त्यांतल्या काहींवर जंतू बसून हिंडतात. चार्न्लीने ऑपरेशनच्या खोलीत आणखी एक काचेची खोली उभारली, तिच्यात वरून गाळलेली हवा सोडली. रोगी आणि शल्यवैद्य आत, बाकीचे बाहेर. पुढे त्याने शल्यवैद्याला डोक्यापासून झाकणारा पोशाख घातला आणि त्याने सोडलेला श्वाससुद्धा नळीने बाहेर ओढून घेतला. चिघळण्याचे प्रमाण दहा वर्षांत शंभरात एकाच्याही खाली आले. १९७७ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला. १९८२ साली तो वारला, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने आठ हजारांवर ऑपरेशनांचा हिशेब मांडून दाखवले, की अशा शुद्ध हवेने जखम चिघळणे निम्म्यावर येते.

एवढ्यावर गोष्ट संपती तर बरे झाले असते. पण २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या जखमांबद्दल नियम काढले, त्यांत सांगितले, की नव्या पाहणीत या महागड्या वाऱ्याचा फायदा दिसत नाही. त्यासाठी तो बसवू नये. मधल्या काळात इतर उपाय सुधारले, तेव्हा वाऱ्याचा वाटा उरला नाही, असे मला आपले वाटते. पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. मला चार्न्लीविषयी आदर वाटतो तो हवेपेक्षाही त्याच्या संशयाबद्दल. सांधा आपला, हात आपले, आणि चिघळते ती जखमही आपलीच, असे मानून तो शोधत राहिला.

त्याच नियमांतली एक ओळ वाचून मला आमचे वडील आठवले. १९६८ साली त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, तेव्हा आदल्या संध्याकाळी इस्पितळाचा न्हावी पेटी घेऊन आला आणि त्याने वस्तऱ्याने तो सारा भाग तुळतुळीत केला. केवढी ती स्वच्छता, असे आम्हाला वाटले. आता कळते, की वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभर जंतू त्यांत संसार थाटतात. केस काढूच नयेत. अडत असतील तर यंत्राने कातरावेत, वस्तरा नको. अक्काच्या पायाला कुणी हातही लावला नाही. “फुकटात सुटले,” ती म्हणाली.

औषधाचेही असेच. १९६१ साली बर्क नावाच्या अमेरिकन शल्यवैद्याने गिनीपिगांवर दाखवले, की जंतुनाशक जंतूंच्या आधी शरीरात हजर असेल तर काम करते; तीन तास उशिरा आले तर आले काय नि न आले काय. म्हणून अक्काला ते सुरी लागण्याच्या थोडे आधी शिरेतून दिले. आणि लवकरच बंद केले. आमच्या मेहुण्यांना हे मुळीच पटले नाही. “एवढं मोठं ऑपरेशन आणि पाच दिवसांच्या गोळ्यासुद्धा नाहीत?” त्यांनी तीनदा विचारले. जास्त गोळ्या म्हणजे जास्त काळजी, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे, की पुष्कळदा डॉक्टरसुद्धा रोग्याच्या नातेवाइकांना भिऊन गोळ्या लिहितात. जादा गोळ्यांनी जखमेचे रक्षण होत नाही. पोट बिघडते आणि जंतू मात्र त्या औषधाला सरावतात.

ऑपरेशन पार पडले. खरी परीक्षा घरी होती, कारण घरी माणसे येतात. पहिल्याच रविवारी अकरा जण आले. मावसबहिणीने मायेने पट्टीवरून हात फिरवायला पुढे केला. दुसऱ्या एका काकूंनी पुडीतून अंगारा काढला; जखमेच्या कडेला लावावा, वर थोडी हळद दाबावी, असे त्यांचे म्हणणे. माणसे प्रेमाची, त्यांना नाही कसे म्हणावे या विवंचनेत मी होतो. तोवर पलंगावरून आमच्या आजीचा आवाज आला, शब्द आणि ठसका दोन्हीसकट. “शिवू नका!” अक्का ओरडली. काकू दचकून मागे सरल्या. अंगारा कपाळाला लागला, हळद स्वयंपाकघरात गेली, आणि मावसबहीण मुकाट्याने मोरीकडे हात धुवायला गेली.

तिसऱ्या आठवड्यात मी रोज त्या गुडघ्याकडे चोरून बघत असे. पाणी आले नाही. टाके निघाले तेव्हा तळमजल्यावरचे गृहस्थ काठी टेकीत मुद्दाम वर आले, जखमेची सरळ कोरडी रेघ लांबूनच त्यांनी चष्म्यातून पाहिली आणि म्हणाले, “शिल्लक बरोबर जुळली.”

दुसरा गुडघा आता दिवाळीनंतर आहे. पत्ते पिसावेत तशी अक्काने भेटायला येणाऱ्यांची यादी पिसून ठेवली आहे. एका दिवशी दोघे, सर्दी असलेला कुणी नाही. फराळाचे डबे बाहेरच्या टेबलावर ठेवायचे आहेत. आणि परवा डॉक्टर तिचा पाय तपासायला वाकले, तेव्हा तिने त्यांना थांबवून आधी हात धुवायला लावले. ते गेलेही.