वर बघ, चिमणी बघ

लेकीचं उष्टावण ऑगस्टमध्ये झालं. सहा महिने पूर्ण झाले होते. मामाने चांदीच्या वाटीतली खीर अंगठीने तिच्या ओठाला लावली, तिने ती चाटली, सगळे खूश झाले. खरी परीक्षा पंधरा दिवसांनी, गणपतीत आली. गुरगुट्या भातावर वरण घालून मी बोटांनी कुस्करलं होतं, तरी दोन-चार शितं अख्खी राहिली असावीत. घास आत गेला आणि तिने जीभ बाहेर काढली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, घशातून ओकारीचा आवाज. मी घाबरून तिच्या तोंडात बोट घातलं. सासूबाईंनी तिला उचलून घेतलं आणि टाळूवर थोपटत म्हणाल्या, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ!" तिने सगळं ओकून टाकलं, आणि मग रडली.

त्याच वेळी बाहेर मुंबई-गोवा महामार्ग आमच्या माणगावच्या बाजारपेठेत तुंबलेला होता. गणपतीला गावी निघालेल्या गाड्यांची रांग जागची हलत नव्हती. लेकीला कडेवर घेऊन मी खिडकीशी उभी होते. हिला आत्ता खरंच काही झालं असतं तर दवाखान्यात कशी नेली असती, एवढाच विचार डोक्यात होता.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं मिक्सरमधून काढू लागले. भात, डाळ, भोपळा, रताळं, सगळ्याची पातळ पेज, वर गाळणीतून गाळलेली. सासूबाई पायावर आडवं घेऊन गोकर्णाने ती पाजायच्या. उमासे थांबले. मला वाटलं, प्रश्न सुटला.

नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या लसीला तिला घेऊन गेले. ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. सिस्टरने वजन केलं आणि विचारलं, "काय काय खाते?" मी गाळणीसकट सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती चावायला शिकणार कधी? आवाज येतोय तोवर हात लावायचा नाही, तिचं तिला काढू द्यायचं. आवाज बंद झाला, की मग धावायचं."

त्या दिवशी त्यांनी दिलेली दहा मिनिटं मला तीन महिने आधी मिळायला हवी होती. उमासा म्हणजे बाळाने स्वतःच स्वतःचं केलेलं रक्षण. आपल्याला घशाच्या अगदी मागे काही लागलं तरच ओकारी येते. लहान बाळाच्या जिभेवर ती जागा बरीच पुढे असते, म्हणून जाडसर घास थोडा मागे सरकला तरी उमासा येतो आणि घास पुढे ढकलला जातो. घास तोंडात फिरवण्याचा सराव होतो तशी ही जागा मागे सरकते आणि उमासे कमी होतात. मी सरावच बंद केला होता. नऊ-दहा महिन्यांपर्यंत दाणेदार अन्नाची ओळख झाली नाही, तर पुढे मूल खायला जास्त कुरकुर करतं, हेही त्यांनी सांगितलं.

घास अडकणं वेगळं. तेव्हा बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही, आवाज जवळजवळ नसतोच आणि ओठ निळे पडायला लागतात. अशा वेळी त्याला पालथं, डोकं खाली करून आपल्या हातावर घ्यायचं आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताने 5 जोरकस थापा मारायच्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबायचं, पुन्हा थापा. दुसऱ्या कुणीतरी तोवर 108 ला फोन लावायचा. घास डोळ्यांना दिसत नसेल तर बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो. गणपतीत मी नेमकं तेच केलं होतं. प्राणवायू बंद झाल्यावर हाताशी मोजकी मिनिटं असतात. आमच्या महामार्गावरची कोंडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे घरीच यायला का हवं ते सांगावं लागणार नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगताना मला अवघडल्यासारखं झालं. 'चिमणी बघ' मध्ये त्यांची सगळी माया होती, त्यांच्या सासूकडून आलेली. पण मान मागे गेली की घास घशाकडेच उतरतो, हे मी त्यांना स्वतःच पाण्याचा घोट घेऊन मान वर करायला सांगून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बसवूनच भरवू या." गोकर्ण त्याच दिवशी फडताळात गेलं.

आता लेक मांडीवर ताठ बसते, किंचित पुढे झुकलेली. मीठ-तिखट घालण्याआधी तिच्यापुरता मऊ भात आणि वरण बाजूला काढतो, वाटीच्या बुडाने रगडतो. वेलची केळं आणि उकडलेलं रताळं तिच्या हातात देतो, मात्र दोन बोटांत सहज चिरडेल इतकं मऊ. रडताना किंवा हसताना घास नाही. द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे तिच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवतो. पहिल्या आठवड्यात रोज उमासे आले. मी हात मांडीखाली दाबून बसायचे आणि तिच्याकडे बघून शांतपणे "हं, चाव, चाव" म्हणायचे. चेहऱ्यावर भीती दिसू न देणं फार जड गेलं. तोंड फिरवलं की वाटी बाजूला, जबरदस्ती नाही. तीन आठवड्यांत उमासे क्वचितच राहिले.

एखाद्या बाळाला दूध पितानाही ठसके लागत असतील, खाल्ल्यावर आवाज घरघरत असेल, वजन वाढत नसेल किंवा छाती वारंवार भरत असेल, तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि तुमच्या घरात उष्टावण जवळ आलं असेल, तर त्या आधी एक संध्याकाळ काढा. पाठीवरच्या त्या 5 थापा उपकेंद्रातल्या सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्या. बाळाच्या आजीला सोबत न्या, कारण दिवसभर बाळ तिच्याकडेच असतं.