मागे बांधलेली जीप

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडलेले दिसतात. त्यांच्यामागून दुचाकीवर जाणाऱ्याच्या अंगावर काय काय येऊन पडते, हे बेळगाव-निपाणीच्या वाचकांना सांगायला नको. पण पुढच्या गाडीने उडवलेल्या खड्यांपासून मागची गाडी वाचवण्यासाठी माणसे किती डोके चालवतात, ते मी पाहिले थेट अलास्का हायवेवर, २०१९ च्या जूनमध्ये.

माझे दादा-वहिनी सिअ‍ॅटलजवळ राहतात. निवृत्तीनंतर दादाने एक जुनी मोटारहोम घेतली. आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी सगळे असलेली बसच म्हणा ना! एवढे धूड घेऊन भाजी आणायला जाता येत नाही, म्हणून तिकडचे लोक मागे लहान गाडी जोडतात. दादाने जोडली होती जीप, चारही चाके रस्त्यावर ठेवून, लोखंडी दांड्याने ओढत न्यायची. जीप माझ्या भाच्याची, पहिल्या पगारापासून पैसे साठवून घेतलेली. वर्षभरासाठी तो परदेशी गेला होता. "न्या बाबा," म्हणाला, "फक्त माझ्या जीपला जपा."

हा रस्ता १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने काही महिन्यांत खोदून काढला. पर्ल हार्बरनंतर अलास्कापर्यंत जमिनीवरून पोचायला वाट हवी होती. कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून तो सुरू होतो. आज सगळा पक्का आहे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण बऱ्याच ठिकाणी पक्का म्हणजे डांबर ओतून वर बारीक खडी दाबलेली. ती सुटते. शिवाय थंडीत रस्ता उखडतो आणि उन्हाळ्यात दुरुस्ती चालते, तेव्हा मैलोन् मैल नुसती खडी. मोटारहोमची मागची जोडचाके ती खडी उचलून मागे फेकतात आणि पाच-सहा फुटांवर जीपचे तोंड असते!

दादाने तयारी केली होती. चाकांमागे रबराचे जाड मडफ्लॅप. गाडीच्या पूर्ण रुंदीचा एकच फ्लॅप त्याने मुद्दाम टाळला. तो फार खाली लोंबला तर रस्त्यावर घासून स्वतःच खडे उडवतो. जीपच्या बॉनेटवर पारदर्शक चिकटपट्टी. कापडी बुरखाही मिळतो; पण आत धूळ शिरली आणि वाऱ्याने कापड फडफडले की पॉलिशपेपरसारखा रंग घासला जातो. मुख्य संरक्षण म्हणजे दोन गाड्यांच्या मधोमध ताणून बांधलेली मजबूत जाळी. खडा तिला लागून खाली पडतो. ती बांधायचे काम माझ्याकडे.

वॉटसन लेकला पाट्यांचे जंगल आहे. १९४२ मध्ये घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली आणि पुढे हजारोंनी ठोकल्या. वहिनी धारवाडच्या. त्यांनी एकाच फळीवर 'बेळगाव' देवनागरीत आणि 'बेळगावी' कन्नड लिपीत रंगवून आणले होते. कुठली ओळ वर, यावरून कुणी भांडले नाही. वर्तमानपत्रात छापून येण्याजोगी घटना आहे की नाही?

व्हाइटहॉर्सला सामान आणायला जीप सोडली, परत जोडली. त्या सकाळी मी घाईत होते. क्लुआनी तळे आणि डिस्ट्रक्शन बे मागे टाकल्यावर रस्ता लाटांसारखा झाला; खालची कायम गोठलेली जमीन विरघळून खचते, म्हणून. मग खडी लागली. वहिनींचे लक्ष मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे होते.

"अहो, सावकाश होगरी! जाळी लोंबतेय!"

धारवाडी 'सावकाश' आणि आपले 'सावकाश' एकच. दादाने वेग कमी करून गाडी कडेला घेतली. डाव्या बाजूचा पट्टा सुटला होता. सुटला कसला, मी अडकवलाच नव्हता. एका दिव्याची काच फुटलेली, बॉनेटवर पट्टीच्या कडेला सात-आठ टवके, आणि पट्ट्याचे बक्कल आपटून आपटून पडलेला एक लांब ओरखडा. दादा काही बोलला नाही. तो रागावला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर त्याने जीप सोडवली. खडीवर हाच सर्वांत खात्रीचा उपाय, हे आधीच ठरवले असते तर? वहिनी ती वेगळी चालवत लांब अंतर ठेवून मागे आल्या. मी त्यांच्याशेजारी, गप्प. बीव्हर क्रीकच्या अलीकडे समोरून एक मालट्रक भरधाव गेला आणि टक् आवाज झाला. समोरच्या काचेवर चांदणीएवढा तडा. जाळी, फ्लॅप, पट्टी, समोरून येणाऱ्यापुढे यातले काय कामाला येणार? वहिनींनी पाणी-धूळ शिरू नये म्हणून त्यावर लगेच चिकटपट्टी लावली. अलास्कात पोचल्यावर एकाने त्यात राळ भरून दिली. तडा पसरला नाही, तांदळाच्या दाण्याएवढी खूण राहिली.

भाच्याला फोनवर मीच सांगितले, पट्ट्यासकट सगळे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आत्या, दिवा कुठल्या बाजूचा?"

डावा, म्हटले. पुढच्याच आठवड्यात त्याने तो मागवला; पैसे मी देऊ केले ते घेतले नाहीत. बॉनेटवरचा ओरखडा मात्र तसाच आहे.