चारिका : अमरावती ते पातूर

तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना धम्मप्रचारासाठी पाठविले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे त्यांना सांगितले. वर्षावासाचे तीन महिने एका ठिकाणी राहून अध्ययन करावयाचे आणि उरलेला काळ लोकांत हिंडावयाचे, हा भिक्खुसंघाचा नेम होता. त्या हिंडण्याला चारिका म्हणतात.

आमच्या पूर्वजांनाही चालणे नवे नव्हते. परंतु ते गावकीचे चालणे होते. सरकारी टपाल पोचवावे, मयताचा सांगावा न्यावा, अंमलदाराच्या पुढे वाट दाखवीत धावावे. पाय त्यांचे आणि हुकूम दुसऱ्याचा. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या आम्ही पाच मित्रांनी जेव्हा सायकलींवरून वऱ्हाडातील डोंगर आणि सपाटी पाहावयाचे ठरविले, तेव्हा ती आमच्यासाठी केवळ सहल नव्हती. आपण होऊन निवडलेल्या वाटेने जाण्यातही एक मुक्ती असते.

20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या स्मृतिदिनी, आम्ही अमरावती सोडली. पहिला थांबा वलगावचा. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि अवघ्या चौदा दिवसांनी याच वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, गाडगेबाबांनी देह ठेवला. स्वतः शाळेत न गेलेल्या या माणसाने पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली होती. यात्रेकरूंच्या निवाऱ्यापेक्षा विद्यार्थ्यांचा निवारा त्यांना मोलाचा वाटला. निवासी शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने वलगावला एकदा तरी थांबावे, असे आम्हांस वाटते.

परतवाड्याचा मुक्काम आटोपून दुसऱ्या दिवशी धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याचा घाट धरला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या, सागवान सुरू झाले आणि आमच्या बोलण्याची जागा धापेने घेतली. पाचांपैकी दोघांच्याच सायकलींना गिअर होते. उरलेले आम्ही तिघे निम्मा घाट सायकल हाताने ढकलीत चढलो. जो पुढे जाई तो वळणावर थांबून मागच्याची वाट पाही. असे थांबावे, हे कोणी ठरविले नव्हते.

गाविलगडाचा इतिहास आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविला आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. मुले हे पाठ करतात आणि गुण मिळवितात. परंतु त्या वेढ्यात उत्तरेच्या बाजूने तोफा नेण्यासाठी डोंगरातून नवी वाट तयार करावी लागली होती. त्या वाटेचे दगड कोणी फोडले, तोफांचे दोर कोणाच्या खांद्यांवर होते? सायकलीचे ओझेही जड झालेल्या चढावर हा प्रश्न आम्हांला पुस्तकापेक्षा निराळ्या रीतीने कळला. सेनापतींची नावे राहिली. वाट करणाऱ्यांची नोंद राहिली नाही. या मेळघाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकूंची भाषा मुंडा कुळातील, मराठीहून अगदी वेगळी. त्यांचा इतिहास तरी आम्ही कितीसा शिकवितो?

तिसऱ्या दिवशी घटांगमार्गे उतरलो. चढाला अर्धा दिवस घेणारा डोंगर उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटे मात्र बधिर झाली. पायथ्याशी शाळा सुटलेल्या मुलींचा थवा भेटला. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर दोन दोन वेण्या उडवीत त्या आम्हांला मागे टाकून गेल्या. एकीने वळून विचारले, "काका, पंक्चर आहे का?" त्या हसण्यापुढे आमचा सारा शीण उतरला.

गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव ज्या तालुक्यात आहे, त्या अंजनगाव सुर्जीला मुक्काम करून चौथ्या दिवशी अकोटमार्गे अकोल्याकडे निघालो. हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. विहिरीला पाणी असते, पण ते तोंडात धरवत नाही. दुपारी आमच्या बाटल्या संपल्या. रस्त्यालगतच्या एका घरी पाणी मागितले. गृहस्थ तांब्या घेऊन बाहेर आले, कोठून आलात ते विचारले, मग आडनाव विचारले. आमच्यातील एकाने शांतपणे पूर्ण नाव सांगितले. तांब्या आत गेला आणि प्लास्टिकचे पेले बाहेर आले. आम्ही "जय भीम" म्हटले आणि तहानलेलेच पुढे निघालो.

1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्याशी असेच घडले होते. दारातील हौदावर त्यांनी धुळीने भरलेली तोंडे धुतली आणि हौद बाटला म्हणून गर्दी जमली. पुढे किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत शिपाई देण्यात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आज शिपाई सोबत नसतो, आडनाव पुरते.

दोन-तीन किलोमीटरांवर एका वावरात कापसाची वेचणी चालली होती. एका बाईने आमचे चेहरे पाहूनच आपली कॅन उचलली. "आधी पानी प्या भाऊ, मंग बोला," ती म्हणाली. तिने नाव विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. एकाच रस्त्यावर, एकाच दुपारी वऱ्हाडाची ही दोन्ही रूपे आम्ही पाहिली. विद्यार्थ्यांना दोन्ही सांगितली पाहिजेत. एकच सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

अकोल्याहून पातूर. गावालगतच्या टेकडीत बेसाल्ट खडक कोरून केलेली प्राचीन लेणी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रे येथे नाहीत. तरी हाच रस्ता पुढे वाशीमला, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्माला जातो. आणि त्याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. अजिंठा आपल्या वऱ्हाडाशी असा जोडलेला आहे. त्या गार सावलीत बसून आम्ही पाचांनी त्रिसरण-पंचशील म्हटले.

निवासी शाळा हा आपल्या मुलांचा वर्षावास आहे. येथे त्यांना छप्पर, ग्रंथ आणि शिस्त मिळते. परंतु वर्षावासानंतर चारिका असते. शाळेने दरवर्षी हिवाळ्यात नववीच्या मुलामुलींना सायकलींवरून जवळच्या लेण्यांपर्यंत न्यावे, अशी आमची व्यवस्थापनाला नम्र विनंती आहे. पंक्चर काढण्याचे काम आम्ही पाच जण आनंदाने करू.

नमो बुद्धाय! जय भीम!