कुलूप ओढून पाहणे

मनुष्याच्या सुखदुःखांचा हिशेब मांडताना तत्त्वज्ञांनी किल्लीला काडीचेही महत्त्व दिलेले नाही, ही आम्हांला अन्यायाची गोष्ट वाटते. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला गेला की त्या घरात राज्यक्रांती झाली, हे एके काळी कोणाला सांगावे लागत नसे. सत्ता, विश्वास आणि काळजी ही तिन्ही त्या जुडग्यात एकत्र खुळखुळत असत. अशा या किल्लीवर मोटारींच्या कारखानदारांनी अलीकडे गदा आणली आहे. नव्या मोटारीबरोबर हाती पडते ती साबणाच्या वडीसारखी एक काळी डबी. ती खिशातून काढण्याचेही कारण नाही. मुठीस हात लावावा, दार उघडते. ब्रेकवर पाय ठेवून कळ दाबावी, यंत्र सुरू होते.

यातील जादू फारशी गूढ नाही. मुठीस हात लागताच मोटार सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी हाक मारते. ही हाक चार-दोन हातांपलीकडे पोचत नाही. डबी ती ऐकते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर सांकेतिक उत्तर धाडते. उत्तर पटले की मालक आला, असे मोटार समजते. म्हणजे तिला ओळख पटते ती डबीची, माणसाची नव्हे. पुढचे सारे घोटाळे यातूनच निघतात.

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना त्यांच्या चिरंजीवांनी एके सकाळी पुणे स्टेशनवर सोडले. डबी वकीलसाहेबांच्या कोटात होती. धावती मोटार मध्येच बंद पडणे धोक्याचे, म्हणून डबी दूर गेली तरी यंत्र थांबत नाही. फक्त एक सूचना झळकते. चिरंजीवांचे लक्ष सूचनेपेक्षा गाण्याकडे अधिक. पेट्रोल भरण्यासाठी त्यांनी यंत्र बंद केले आणि मागे गाड्यांची रांग लागली, तेव्हा वडील व डबी ही उभयता दख्खनच्या राणीत बसून खंडाळ्याचा घाट उतरत होती.

दुसरे दुखणे डबीतील पावलीएवढ्या, तीन व्होल्टच्या घटाचे. तो संपला की भर पावसात मोटार धन्याला परका ठरवते. अशा वेळी कळते की डबीच्या पोटात एक लहानशी खरीखुरी किल्ली दडवलेली आहे! तिने दार उघडावे आणि मेलेली डबीच कळीला टेकवावी, म्हणजे बहुतेक गाड्या सुरू होतात. पदच्युत केलेल्या राजाला क्रांतिकारकांनी तळघरात सांभाळून ठेवावे, तसाच हा प्रकार होय.

येथवर हसण्यासारखे आहे, यापुढे नाही. २०११ साली झुरिच येथील संशोधकांनी आठ कारखानदारांच्या दहा प्रकारच्या मोटारी तपासल्या. मोटारीची हाक दोन यंत्रांच्या साहाय्याने दूरच्या डबीपर्यंत पोचवताच दहाही फसल्या. तेव्हापासून कित्येक सावध गृहस्थ डबी रात्री पत्र्याच्या डब्यात ठेवतात. अमेरिकेत गाडीखाना पुष्कळदा घराला जोडूनच असतो. तेथे यंत्र चालूच राहिले आणि धनी डबी घेऊन निजावयास गेला, असे घडू लागले. कार्बन मोनॉक्साइडने अशा रीतीने २००६ पासून निदान अठ्ठावीस माणसे दगावल्याचे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१८ मध्ये दिले. जुन्या किल्लीने हे होणे कठीण होते. कारण यंत्र थांबवल्याशिवाय ती बाहेरच निघत नसे. हाती किल्ली आली म्हणजे काम संपले, ही साक्ष ती न बोलता देत असे.

ही साक्ष गेली, हेच आमचे खरे गाऱ्हाणे आहे. आमचे वडील गावाला निघताना कुलूप लावून ते तीनदा ओढून पाहत. पुढे टांग्यात बसल्यावर आईने विचारले, "कुलूप लागलं ना हो?" तर ते नुसता तळहात पुढे करीत. कुलपाच्या कडीचा वळ त्यावर अजून असे. आता आम्ही मोटार लावून दहा पावले जातो, मनात शंका येते, परत येऊन मूठ ओढतो. आणि खिशातील डबी ओळखून दार तत्काळ उघडते. आमच्या गाडीत मुठीस हात लावणे हीच उघडण्याची आज्ञा! ते लागले होते की नव्हते, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. पुन्हा लावावे, तर पुन्हा तीच शंका. आरसे मिटले, दिवे लुकलुकले, हे सर्व खरे. पण डोळ्यांनी पाहिलेले मन विसरते, हाताने केलेले सहसा विसरत नाही.

यावर सौभाग्यवतींनी एक तोड काढली आहे. डबी घेऊन त्या दूर, गुलमोहराखाली जाऊन उभ्या राहतात आणि आम्ही रिकाम्या खिशाने दार ओढून पाहतो. येणारेजाणारे आमच्याकडे संशयाने पाहतात. दार हालत नाही. आम्ही तळहाताकडे पाहतो. वळ अर्थातच उमटलेला नसतो, पण झोप मात्र बरी लागते.