मुंबईला जाऊन येतो

२०१५ सालच्या मे महिन्यात चर्चगेटकडच्या एका कॉलेजाचे नेमणुकीचे पत्र सांगलीस आमच्या घरी येऊन पडले. मंडळींनी पेढे खाल्ले आणि खाऊन झाल्यावर एकदम गप्प झाली. मुंबईत नोकरी मिळणे ही अर्धीच गोष्ट असते, उरलेली अर्धी म्हणजे जागा.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मुंबई म्हणजे गिरगाव, अशी माझी विद्यार्थिदशेपासूनची समजूत. १८९३ साली जिथे सार्वजनिक गणपती बसला ती केशवजी नाईकांची चाळ, साहित्य संघाचे नाट्यगृह, गॅलरीत दाढी करीत राजकारण बोलणारी माणसे, या सगळ्यांत मी पुस्तकांतून कितीतरी वर्षे फुकट राहत होतो. आता भाडे भरून राहायचे, एवढाच काय तो फरक! शिवाय कॉलेज पायी वीस-पंचवीस मिनिटांवर.

जूनमध्ये मी, आमची ही, चौथीतली मुलगी आणि आई असे चौघे दादरला एका नातेवाइकांकडे उतरलो आणि जागा पाहायला निघालो. पहिला मान अर्थातच गिरगावचा. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला. मी गॅलरीवर खूष होतो, ही त्या टोकाकडे पाहत होती. आई प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबत वर आली, तोच शेजारच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. "दमलात ना? या, आत बसा," म्हणाली आणि चहाचे आधण ठेवले. आम्ही मालकाच्या माणसाशी बोलेपर्यंत त्या दोघींची गुडघे, सुना आणि सांगलीची हळद असे तीन विषय बोलून झाले होते.

मालकाच्या माणसाचे बोलणे मात्र तितके गोड नव्हते. अकरा महिन्यांचा करार, पुढचे पुढे पाहू. त्याचाही इतिहास आहे. १९४७च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे जुना भाडेकरू नाममात्र भाड्यात पिढ्यान् पिढ्या राहतो आणि मालक चाळीला खिळाही ठोकत नाही. ही भाडेकरूची जागा हातात घ्यायची तर पागडी मोजावी लागते. ही पागडी पूर्वी टेबलाखालून जायची, १९९९च्या कायद्याने ती टेबलावर आली. आमच्यासारख्या नव्या माणसाला टेबलाच्या वरून काय किंवा खालून काय, ती सारखीच अशक्य. राहता राहिला अकरा महिन्यांचा करार, म्हणजे दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर.

मग आमची वरात उपनगरांकडे वळली. अंधेरी चर्चगेटपासून बावीस किलोमीटर, पण तिथे उतरायचे नसते, आपण उतरवले जातो. हिची पर्स एका दारातून उतरली आणि मी दुसऱ्या. भाडे ऐकून आम्ही फलाटावरच सरबत प्यायलो आणि पुढची गाडी धरली. बोरिवली चौतीस किलोमीटर. जागा हवेशीर, मागे राष्ट्रीय उद्यानाची हिरवळ. ज्यांचा फ्लॅट पाहिला ते गृहस्थ जाताना म्हणाले, "उद्या नका येऊ, उद्या मी मुंबईला जाणार आहे." मी चकित होऊन विचारले, "मग हे काय?" तेही तितकेच चकित झाले. १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत बृहन्मुंबईची हद्द पोचली, परंतु ती बातमी बोरिवलीच्या बोलीभाषेपर्यंत अजून पोचलेली नाही! घाटकोपरला आदल्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, मेट्रो सुरू झाली होती, आणि लोकलची गर्दी कमी होती म्हणून की काय, मेट्रोचीही पुलावर येऊन मिळाली होती. घाटकोपर आम्ही पुलावरूनच पाहिले.

अखेर मुलुंड पूर्वेला ठरले. दोन खोल्या, लिफ्ट, संडास घरात, मुलीची शाळा दोन गल्ल्या ओलांडून, मिठागरांकडून येणारा वारा. मालक म्हणाले, "हवे तितके राहा." ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय पुढच्याच स्टेशनावर, आणि ते तर १८९३ सालचे. मी स्वतःची समजूत घातली की गिरगावच्या गणपतीइतकेच ते जुने आहे, म्हणजे आपण फारसे काही गमावले नाही.

गमावले ते काय, ते महिन्याभरात कळले. सहा पन्नासची गाडी, ठाण्याहून भरून येणारी. तीन माणसांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून मी उत्तरपत्रिका तपासायला शिकलो. छत्रपती शिवाजी टर्मिनसहून कॉलेजपर्यंत चालत. जाऊन-येऊन रोजचे तीन तास. मी निघे तेव्हा मुलगी झोपलेली, आठवड्यातले तीन दिवस परते तेव्हाही अभ्यास आटोपून पेंगत असलेली. आमच्या हिने एकदा वहीत हिशेब मांडला. वर्षात सहाशेच्या वर तास गाडीत! "तुमचे तास देऊन आम्ही लिफ्ट घेतली," ती म्हणाली. तक्रार नव्हती, पण आकडा दोनदा अधोरेखित केला होता. मला वाटे, किंमत मोजतो आहे तो मी. चौथ्या सीटवर बसणाऱ्याला असे वाटणे साहजिकच आहे. आणि खरे सांगायचे तर त्यात थोडे सुखही असते.

आईकडे माझे लक्षच नव्हते. तिच्या गुडघ्यांसाठी तर आम्ही इथे आलो होतो! लिफ्टने खाली जावे, बागेत बसावे, वर यावे. मजल्यावरची बाकीची तिन्ही दारे कायम बंद. माणसे वाईट नव्हती, संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची, पण सकाळी सातला घराबाहेर पडून रात्री आठला येणारी माणसे दार उघडे ठेवणार कधी? ही शाळेत शिकवू लागली आणि दुपारचे घर आईच्या एकटीच्या वाट्याला आले. ती खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्या मोजी.

२०१९ सालच्या एका पावसाळी रात्री गाड्या बंद पडल्या. कुर्ल्यापासून पुढे काही चालत, काही रिक्षाने असा मी एक वाजता घरी पोचलो. आई जागी होती. पाय पुसता पुसता चिडून मी म्हणालो, "गिरगावात असतो तर आठला जेवलो असतो. तुझ्या गुडघ्यांसाठी आलो इथं."

आई शांतपणे म्हणाली, "मला कुणी विचारलं होतं का?"

आम्ही मिनिटे मोजली होती, चौरस फूट मोजले होते, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजल्या होत्या. चहाचे आधण टाकणाऱ्या त्या म्हातारीला कुणीच मोजले नव्हते. ती आईला चार वर्षे आठवत होती, नावानिशी. मला तिचा चेहराही आठवेना.

मग मध्ये टाळेबंदीची वर्षे आली, कॉलेज घरात आले, सहाशे तास मला परत मिळाले आणि मी ते कशात घालवले ते कळलेच नाही. २०२३च्या गणपतीत आई म्हणाली, "मला एकदा तिकडं ने." केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती पाहिला आणि मग ती चाळ शोधत आम्ही आत शिरलो. चाळ नव्हती. पत्र्याच्या कुंपणाआड खड्डा होता आणि त्यात क्रेन उभी होती. पहारेकरी सांगलीजवळचाच निघाला. म्हणाला, जुनी बिऱ्हाडे बिल्डरचे भाडे घेऊन कुठे कुठे पांगली आहेत, इमारत झाली की परत येतील. आईने त्या बाईंचे नाव सांगितले. त्याने आठवून पाहिले.

"त्या आजी ना? लेकाबरोबर बोरिवलीला गेल्या."

आई कुंपणाच्या पत्र्याला हात टेकवून थोडी उभी राहिली. मी म्हटले, "चल, दमली असशील. टॅक्सी करू."

"टॅक्सी कशाला?" ती म्हणाली. "चर्नी रोड जवळच आहे ना? बोरिवलीची गाडी कितव्या फलाटावर लागते, ते विचार."