चतुःसीमेत 'खालचं घर' नसतं

आमचं गावचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय. संगमेश्वर तालुक्यात डोंगराच्या उतारावर वाडी, घर सामाईक. तीन चुलत्यांची मिळून सात बिऱ्हाडं. पाच मुंबई-ठाण्यात, एक मी चिपळूणला, आणि गावात फक्त काका-काकी. वर्षाचे अकरा महिने दोन माणसं, गणपतीत बत्तीस. कोकणातल्या बहुतेक मोठ्या घरांचं गणित हेच आहे. त्यामुळे ही पोस्ट आमच्या घराची असली तरी फक्त आमच्या घराची नाही.

मुंबईच्या भावांनी एका इंजिनिअरकडून प्लॅन करून आणला. पन्नास बाय पंचेचाळीसचा बंगला, मोठा हॉल, सात बेडरूम, पुढे गाड्या लावायला जागा. कागदावर झकास. फक्त कागद सपाट होता आणि आमची जमीन सपाट नाही.

जुनं घर ज्या सपाटीवर उभं आहे ती पुढून मागे तीस फूट. नवीन घराला मोकळ्या जागेसकट साठ फूट लागणार. म्हणजे मागे तीस फूट डोंगर कापायचा. काका आणि मी पाण्याची नळी लावून लेव्हल काढली. तीन फूट मागे गेलं की एक फूट चढ. तीस फुटांना दहा फूट, आणि मागचा जुना बांध पाच फुटांचा. एकूण पंधरा फुटांची उभी कापलेली भिंत, बेडरूमच्या खिडकीसमोर.

माती किती निघेल? लांबी साठ फूट धरली तर साधारण १८० ब्रास. ती टाकायची कुठे? प्लॅनमध्ये उत्तर होतं: 'पुढे भराव'. पुढे म्हणजे कुठे, तर उताराच्या तोंडावर. आणि त्या उताराखाली सहा घरं आहेत.

यावर घरात जे झालं ते तुमच्याकडेही झालं असेल. चुलत भाऊ म्हणाला, "तुझ्या त्या दरडीच्या बातम्या घरात आणू नकोस. जेसीबीवाला दोन दिवसांत करून देतो. सगळे करतातच ना?"

सगळे करतात हे खरं आहे. आमच्या पट्ट्यात कुठल्याही रस्त्याने फिरा, तांबड्या उभ्या कापांमध्ये घुसवलेले बंगले दिसतील. आणि बातम्यांचं म्हणाल, तर त्या मी घरात आणल्या नाहीत, त्या डोंगरावरूनच येतात. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, ते पहिल्यांदा लक्षात आलं एसटीच्या ड्रायव्हरच्या, कारण नेहमीच्या जागी गावच नव्हतं. २२ जुलै २०२१ ला आमचं चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात होतं, त्याच संध्याकाळी महाडजवळ तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इर्शाळवाडीला रस्ताच नव्हता, जेसीबी तिथे चढू शकत नव्हता. म्हणजे प्रत्येक दरड कटिंगमुळे येते असं नाही. महाबळेश्वरला २०२१ च्या त्या पावसात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. असा पाऊस झाला की न कापलेला डोंगरही सुटतो. पण मग जो डोंगर स्वतःचं ओझं जेमतेम पेलतोय, त्याचा पायथा आपण कापायचा का, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्याकडे वर जांभा. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. खाली चिकणमाती, ती पाणी सोडत नाही. पाणी त्या दोन थरांच्या मधून वाट काढतं, म्हणून पावसाळ्यात कुठेही झरा फुटतो. काकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते घराच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "श्रावणात इथून पाणी येतं. तुझ्या आजोबांनी म्हणून तर घर पाच हात पुढे घेतलं. तिथे भिंत उभी कापलीत तर पाणी काय बेल वाजवून येणार आहे?"

आता कागदपत्रांकडे या. आमच्या फाइलीसाठी सातबारा झाला, नकाशा झाला, सहहिस्सेदारांच्या संमत्या झाल्या. चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस पायवाट, उत्तरेस डोंगर. हद्दीवरून शेजाऱ्याशी वाद नको म्हणून त्याची सही झाली. पण खालच्या सहा घरांपैकी एकालाही कुणी काही विचारलं नाही, कारण ती आमच्या हद्दीला लागून नाहीत, मध्ये दुसऱ्याची पड जमीन आहे. त्या १८० ब्रास मातीचं काय होणार हेही कुणी विचारलं नाही.

सपाट गावात चार दिशा पुरतात. डोंगरावर दोन जास्त असतात: वर आणि खाली. आपल्या कागदांना त्या माहीत नाहीत.

पुण्यात टेकड्यांच्या वादामुळे 'एकास पाच' हा आकडा लोकांना पाठ झालाय. पाच मीटरला एक मीटरहून जास्त चढ असेल तर बांधकाम नको. तोच आकडा कोकणात जसाच्या तसा लावला तर अर्ध्या वाड्या बेकायदा ठरतील. आमची जमीन तर एकास तीन. पिढ्यान् पिढ्या माणसं या उतारावर राहिली, पण कापून नाही राहिली, टप्पे करून राहिली. घरं लांबट आणि अरुंद, उताराला आडवी. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, आणि मागे पाण्याला चर. तो सगळा हिशोब पाण्याचा होता.

परशुराम घाटाचं उदाहरण चिपळूणकरांना सांगायला नको. चौपदरीकरणासाठी डोंगर कापला, २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास वाहतूक बंद ठेवावी लागली, आणि पायथ्याच्या पेढे गावातली माणसं पावसाळा आला की आकाशाकडे नाही, वरच्या रस्त्याकडे बघतात. तिथे सरकार आहे, ठेकेदार आहे, निदान कुणाला तरी जाब विचारता येतो. वाडीत खालच्या माणसाने कुणाला विचारायचं? वरचे तर भावकीतलेच.

शेवटी आम्ही प्लॅन बदलला. खालच्या जुन्या सपाटीवर बावीस बाय सहासष्टचं लांबट घर, मागे आठ फूट मोकळे आणि बांधलेलं गटार. वरच्या जुन्या टप्प्यावर, पूर्वी जिथे नाचणी व्हायची तिथे, चार हलक्या कौलारू खोल्या. मध्ये छपराखालच्या पायऱ्या. नवीन कटिंग नाही.

यावर सगळ्यात मुद्द्याचा आक्षेप वहिनींचा होता. "बत्तीस जणांची ताटं घेऊन पायऱ्या कोण चढणार? आणि काकींच्या गुडघ्यांचं काय?" म्हणून स्वयंपाकघर, देव, जेवणाची पडवी, म्हाताऱ्यांच्या खोल्या आणि संडास-बाथरूम सगळं खालच्या टप्प्यावर. वर फक्त झोपायला जायचं, तेही ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी.

दोन गोष्टी ज्या आधीच्या प्लॅनमध्ये नव्हत्याच. पहिली छपराचं पाणी. वळचणीसकट दीडशे चौरस मीटर छप्पर आणि वर्षाचा तीन मीटर पाऊस, म्हणजे साडेचार लाख लिटर. ते पन्हाळीने गोळा करून पाइपने व्हाळापर्यंत न्यायचं, उतारावर सोडायचं नाही. दुसरी शोषखड्डा. तो बांधाच्या डोक्यावर खणायचा नाही, बाजूला लांब न्यायचा. नाहीतर गणपतीत बत्तीस माणसांचं सांडपाणी आपणच डोंगराच्या पोटात भरतो, तेही ऐन पावसात. पुढच्या बांधाला पाणी निघायला भोकं ठेवायची, हे गवंड्याला तीनदा सांगून झालंय.

खर्च कमी झाला नाही. कटिंगचा वाचला तो पाइप, गटार आणि बांधात गेला. मोठा हॉल गेला. एका भावाने अजून हिस्सा पाठवलेला नाही. त्याच्या मते मी घराची धर्मशाळा केली. दिवाळीनंतर पाया खणायचा आहे, तोवर बघू.

ग्रामसभेत मी एक साधी मागणी लेखी दिली आहे. डोंगरउतारावरच्या प्रत्येक बांधकामाच्या अर्जात तीन ओळी वाढवा: वर कोण, खाली कोण, आणि काढलेली माती कुठे जाणार. खालच्या घरांना काम सुरू होण्याआधी लेखी कळवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, ठराव पुरतो. तो अडवणाऱ्यांत ज्यांची घरं वर आहेत ती मंडळी असणार, आणि त्यात आमचीही भावकी आहे.

ज्यांच्या गावी यंदा डोंगरात बांधकाम चाललंय, त्यांनी एकदा उभं राहून खाली कुणाची घरं आहेत ती मोजावीत. आणि तुमच्या ग्रामपंचायतीने असा काही ठराव आधीच केला असेल तर त्याची प्रत मला जरूर पाठवा. पुढच्या ग्रामसभेत दाखवायला उपयोगी पडेल.